चिठ्ठीच्या डोक्यावरचा हुकूम

निपाणीच्या दवाखान्यात एक कंपौंडर होते, आम्ही सगळे त्यांना आप्पाच म्हणायचो. जैन माणूस, पाणीसुद्धा फडक्यानं गाळून पिणार. डॉक्टरांच्या प्रत्येक चिठ्ठीवर सुरुवातीला तंगडी कापलेला इंग्रजी 'आर' असायचा. तो दाखवून ते हमखास सांगायचे, "लॅटिन हाय गं ह्ये, जुन्या रोमन लोकांचं. म्हंजे, घे! पाद्रीसायबानं सांगितलंय मला."

एकदा माझ्या सासूबाईंना हिवताप भरला. त्या माळकरी. बाटलीतल्या औषधात दारू असते असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं, त्यामुळं आप्पांनी चिठ्ठीवरचा 'घे' दाखवून बाटली पुढं केली तरी त्या तोंडच उघडेनात. "घे म्हणतोस, तर तूच घे की रं!" म्हणून त्या आप्पांवरच कडाडल्या.

मी घाबरले. आप्पा मात्र हसले. "व्हय आक्का, ह्यो हुकूम मलाच हाय. ह्ये घे, त्ये घे, अन् कालव, असं डॉक्टर मलाच लिवत्यात." असं म्हणून त्यांनी ते कडूजहर कोयनेल पेलाभर पिऊन टाकलं, आणि तोंडसुद्धा वाकडं केलं नाही, बरं का!

पाणीसुद्धा गाळून पिणारा माणूस दारू थोडीच पिणार, हे सासूबाईंना पटलं. मग हात पुढं करून म्हणाल्या, "आण हिकडं. न्हायतर सगळं तूच संपवशील."