बाळंतिणीच्या खोलीतली गर्दी

नोव्हेनाच्या ज्या दवाखान्यात मी तपासणीला जायचे, तिथल्या वेटिंग रूममध्ये एक काळंकुट्ट चित्र टांगलेलं होतं. पहिल्या खेपेला मला वाटलं, झेरॉक्स बिघडलीय. पोटुशा बायका बसतात तिथे असलं काही लावायचं म्हणजे कमालच. काउंटरवरच्या चिनी आंटीला तसं म्हटलं, तर ती हसली. "ओल्ड डच मास्टर. कॉपी ओन्ली लाह. बेबी जीझस."

तांब्याच्या पत्र्यावर बारीक रेघा कोरून, त्यात शाई भरून छापलेलं चित्र होतं ते. दर खेपेला अर्धा तास ताटकळायचं, मग दुसरं काय करणार? बघता बघता काळोखातून माणसं दिसायला लागली. एका बाजूला बाळ बघायला आलेले मेंढपाळ, पुढच्याच्या हातात कंदील. दुसऱ्या बाजूला पांघरूण घेऊन आडवी झालेली मेरी, नुकतीच झोपमोड झालेली, बाळ कुशीत. शेजारी नवरा, पुस्तक घेऊन.

"बघ, तिचाही नवरा वाचतच बसलाय," मी माझ्या नवऱ्याला म्हटलं. मोबाइलमधून मान वर न करता तो "हं" म्हणाला. त्याचं बुओना व्हिस्टाचं ऑफिस त्याच्या खिशातून आमच्याबरोबर सगळीकडे यायचं.

मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण आई येणार होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं; ते जमणार नव्हतं, म्हणून माहेरानेच इकडे परदेशात, आमच्या आंग मो किओच्या घरी यायचं ठरलं होतं. डिंकाचे लाडू, अळीव, जुन्या साड्यांची दुपटी, सगळं बॅगेत भरून सांगलीत तयार होतं. निघायच्या चार दिवस आधी बाबा बाथरूममध्ये घसरले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग दोन महिने अंथरूण.

"तू बाबांकडे बघ, इथे सगळ्या सोयी आहेत," मी फोनवर शहाण्यासारखं म्हणाले आणि फोन ठेवून ढसाढसा रडले. मला सोयी नको होत्या, आई हवी होती. एकतिसाव्या वर्षी असं म्हणायची लाज वाटते, पण खरं ते खरं. बाबांचा रागही आला होता. त्याची तर आजही लाज वाटते.

शेवटच्या तपासणीला वेटिंग रूममध्येच आईचा व्हिडिओ कॉल आला. माझे सुजलेले डोळे तिला दिसू नयेत म्हणून मी कॅमेरा त्या चित्राकडे वळवला आणि कोण कोण आहे ते सांगत बसले. ती चष्मा सावरून बघत होती.

"बाळंतिणीच्या खोलीत एवढी पुरुषमाणसं? बाहेर काढा आधी त्यांना!"

मला हसू फुटलं. मग तिने विचारलं, "आणि हिची आई कुठाय गं?"

मी सगळं चित्र धुंडाळलं. कंदील होता, गुरं होती.

"नाहीये," मी म्हणाले. तेवढ्यात माझा नंबर आला.

मुलगी झाली. घरी आलो त्या दिवशी आईने फोन उशीला टेकवून ठेवायला लावला आणि तिकडून मला टाळू भरायला शिकवलं.

"दाबू नकोस. तेल नुसतं जिरू दे."

मी जपून, बोटाच्या टोकाने तेल टेकवत होते. मुलगी मात्र निवांत जांभया देत होती.

"आता टाळूचा वास घे," आई म्हणाली. मी नाक टेकवलं. "कसा येतोय?"

दूध, तेल आणि आणखी काहीतरी. त्या काहीतरीला मला शब्दच सापडेना. मी तसं सांगितलं.

"असू दे. तुझ्या टाळूला यायचा, तसाच असणार," ती म्हणाली आणि फोनच्या इतकी जवळ आली, की पडद्यावर नुसतं तिचं नाक दिसत होतं.