पास व्हायला किती क्लास लागतात?

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. घरात मराठी, गाडीत तमिळ, असा माझा दिवस जातो. येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा एकच विचारतो, "सार, किती क्लासमध्ये पास होईन?" इतकी वर्षं शिकवतोय, पण याचं उत्तर काही जमलं नाही. किस्से मात्र साठत गेले.

*

एक रिटायर्ड तमिळ मास्तर आले. स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता म्हणाले. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या अरुंद गल्लीतून गाडी रिव्हर्स काढली, कुठे खरचटलंसुद्धा नाही.

कुठे शिकलात म्हणून विचारलं, तर लाजले. तरुणपणापासून रोज पहाटे स्वप्नात लॉरी चालवतो म्हणाले. तीन क्लासमध्ये पास.

पुढे बाजारात भेटले ते सायकलवर. गाडी घेतली नाही का, विचारलं.

"लायसन्स आलं त्या दिवसापासून स्वप्न पडत नाही," मास्तर म्हणाले. "आता क्लच कुठला तेही आठवत नाही."

*

बँकेतल्या मालतीचे चाळीस क्लास झाले. हात चांगला होता, खोड एकच. तिरुवैयारूच्या रस्त्यावर कालव्याचा पूल ओलांडला की ती डावा इंडिकेटर द्यायची. डावीकडे नुसती भातशेती. मी ओरडायचो, ती ओशाळायची. हात आपोआप जातो म्हणायची.

ती पास झाली, बदली होऊन मदुरैला गेली. गेल्या वर्षी आमच्या त्या कालव्यापाशी नवा रस्ता निघाला. पुलानंतर लगेच, डावीकडे.

*

तिरुवैयारूचे एक मृदंगवाले होते. त्यांना गिअर शिकवावे लागलेच नाहीत, इंजिनाच्या आवाजावरून बदलायचे. सहाव्या क्लासला भर रस्त्यात गाडी थांबवून खाली उतरले. गाडी ताल चुकतेय, पुढे येणार नाही, म्हणाले. मला राग आला. त्यांना उन्हात सोडून निघणारच होतो, पण जाता जाता पुढचं चाक बघितलं. चार नटांपैकी एकच उरला होता, तोही सैल.

टेस्टमध्ये मात्र ते दोनदा नापास झाले. इंजिन ऐकताना डोळे मिटायचे.

*

आणि सुलोचनाअम्मा. त्यांच्या नवऱ्याच्या किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला तंजावूरला आणावं लागायचं. बसमध्ये तो चक्कर येऊन पडायचा, म्हणून पन्नाशीत त्या गाडी शिकायला आल्या.

टेस्टला माझीच गाडी होती. तिला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आहे. त्या सीटवर इन्स्पेक्टर बसले, मी मैदानाच्या कडेला करंजाच्या झाडाखाली उभा. अर्धा फेरा नीट झाला आणि एक म्हातारा सायकल ढकलत थेट समोर आला. इंजिन केवढ्याने तरी गरजलं. गाडी सायकलपासून वीतभर अंतरावर थांबली.

अम्मा उतरल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सार, माझा पाय ॲक्सिलरेटरवर होता. ब्रेक त्यांनी मारला."

इन्स्पेक्टरांनी नापास लिहिलं. अम्मांनी वाद घातला नाही. आणखी बारा क्लास केले, परत आल्या. इन्स्पेक्टर तेच, पण या खेपेला ते गाडीत बसलेच नाहीत. मैदानात उन्हात उभं राहून त्यांनी टेस्ट घेतली. अम्मा पास झाल्या. आता नवऱ्याला त्याच घेऊन येतात.

अम्मा पास झाल्याचे कागद घेताना मी इन्स्पेक्टरांचे आभार मानले. पहिल्या टेस्टला तुम्ही ब्रेक मारला म्हणून म्हातारा वाचला, म्हटलं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "मी नाही मारला. सायकल बघून मी घाबरून दोन्ही पाय वर घेतले होते. ब्रेक माझ्या डोळ्यांदेखत खाली गेला. आणि त्या बाई उतरेपर्यंत वर आला नाही."