उत्तम गवंड्याचं पकड वॉरंट

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, सोबत नोकरी केलेल्यांजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट ठाऊक नाही.

हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी एका ठाण्यात हवालदार होतो. कोर्टाची समन्सं आणि वॉरंटं लोकांना बजावायचं काम माझ्याकडं. औंढ्याच्या रस्त्यावर एका जीपनं गोदाबाईच्या नवऱ्याला उडवलं. तो जागीच गेला. तिच्याच वस्तीतला उत्तम गवंडी तिथं पुलाची भिंत बांधत होता. त्यानं जीप पाहिली, चालवणारा पाहिला — आणि कुणी न बोलावता ठाण्यात येऊन सांगितलं. असे साक्षीदार किती भेटतात?

खटला उभा राहिला. उत्तमच्या नावाचं समन्स माझ्या हाती आलं. गाव आडवळणाला, सायकलवर दीड तास, डोक्यावर ऊन. मी गेलो नाही. पण समन्स पोचल्याची खूण तर कोर्टाला द्यावी लागते. मग मी काय केलं? शाईच्या पॅडवर स्वतःचा डावा अंगठा टेकवला आणि उत्तमच्या नावापुढं उठवला.

तारखेला तो आला नाही. कसा येणार? कोर्टानं जामिनाचं वॉरंट काढलं. आता गेलो असतो तर समन्सचं बिंग फुटलं असतं. म्हणून त्यावर लिहिलं — ‘इसम मिळून आला नाही.’ मग निघालं पकड वॉरंट. म्हणजे माणसाला धरायचं आणि जजसाहेबांपुढं उभं करायचं. ते घेऊन मात्र गेलो; फौजदारांनी सोबत शिपाई दिला होता, टाळता येईना.

उत्तम शाळेच्या भिंतीला गिलावा करत होता. लेकरं बघत होती. समन्स तर आलंच न्हाई, साहेब, तो सांगत राहिला. ते कोर्टात सांग, म्हणालो. त्याला हातही धुवू दिले नाहीत — एवढी घाई मला कशाची होती?

कोर्टात जजसाहेबांनी कागद दाखवला. अंगठा तुझाच ना? उत्तम म्हणाला, मी सातवी शिकलोय, सही करतो. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. खरं बोलायला तेवढाच वेळ होता. मी डावा अंगठा मुठीत दाबून धरला.

“साहेब, यानंच माझ्यासमोर दिला.”

ठसा तपासायला पाठवू, साहेब म्हणाले, खोटं बोलणाऱ्यावर केस होईल. ते दोघांनाही उद्देशून होतं. घाबरला तो मात्र उत्तम. माझ्या अंगावरच्या वर्दीकडं त्यानं एकदा पाहिलं.

“असंल साहेब,” तो हळूच म्हणाला. “दिला असंल.”

समज देऊन साहेबांनी वॉरंट रद्द केलं. लगेच साक्ष झाली. जीप कोणती? दिसली न्हाई. चालवणारा? ध्यानात न्हाई. त्याला फक्त तिथून सुटायचं होतं. पुढं जीपवाला निर्दोष सुटला.

इथवर भित्रेपणा होता, म्हणा. पण त्या दिवशी कोर्टाबाहेर लिंबाखाली गोदाबाई बसली होती. तिनं मला हाक मारून विचारलं, “दादा, उत्तम काहून असा बदलला?”

गप्प बसता आलं असतं. माझ्यावर तिचा संशयही नव्हता.

“फितला असंल, बाई,” मी म्हणालो. “समोरच्यांनी गाठलं असंल.”

हे मला कुणी बोलायला लावलं होतं? कुणीच नाही. माझं वाक्य माझ्याआधी गावात पोचलं. दर वर्षी चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत उत्तम झेंडा घेऊन पुढं चालायचा. त्या वर्षी वस्तीनं त्याला झेंड्याला हात लावू दिला नाही. पुढच्या वर्षीही नाही. मग तो बायकोलेकरांना घेऊन नांदेडला कामाला गेला आणि काही वर्षांनी तिकडंच वारला.

गोदाबाई आहे. कळमनुरीच्या बाजारात भेटते, दादा म्हणते, घरच्यांची विचारपूस करते. उत्तमचं नाव निघालं की तोंड फिरवते. मी तिला खरं सांगितलेलं नाही. परवाच्या बाजारातही भेटली होती. तेव्हाही नाही.