आप्पासाहेबांचा शेंदरी डायनामो

फुलंब्रीचे आप्पासाहेब जीप चालवत नसत, मिरवत. पुढं सहा दिवे, टपावर भोंगे, आत थंड हवा आणि बोनेटवर पंख पसरलेला पितळी गरुड. पक्षाचे साहेब ज्याच्या गाडीतून शहरातल्या क्रांती चौकात उतरतील, त्यालाच पंचायत समितीचं तिकीट, असं सगळा तालुका धरून चालला होता. या खेपेला साहेबांनी तिकिटाचा दुसरा दावेदार इंद्रजीत याला डावलून आप्पासाहेबांच्या जीपला होकार दिला, आणि नेमकी त्याच महिन्यात जीप सकाळी सकाळी मुकी राहू लागली.

धम्मपाल हा क्रांती चौकामागचा वायरिंगवाला. गिऱ्हाइकाला काय ऐकायचंय ते त्याला आधी कळे, गाडीला काय झालंय ते मागाहून. त्यानं बॅटरी बदलली. ती उतरली, तशी दुसरी बसवली. तीही उतरली तेव्हा नाइलाजानं त्यानं मीटर काढलं आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीला लावलं. काटा बाराच्या आसपास. रेस दिली तरी हलेना.

"चौदाला जायला पायजे, आप्पासाहेब. बॅटरी नुसती खर्च व्हायलीय. डायनामो तिला चार्जच करंना."

"तसं असतं तर लाल दिवा नसता लागला?"

धम्मपालनं आत वाकून पाहिलं. बॅटरीचा दिवा असतो त्या जागी साहेबांच्या हसऱ्या फोटोचं स्टिकर होतं.

"हे कुणी चिकटवलं?"

"मीच. तो दिवा लई डोळ्यात जायचा."

धम्मपालनं बोनेट उघडलं. डायनामोवर शेंदराचं पूट चढलेलं. त्यावरून ओघळलेलं तेल पट्ट्यावर उतरलं होतं, आणि डायनामो फिरवायचा तो पट्टा पुलीवरून नुसता घसरत होता.

"हा काय मारुती हाय व्हय?"

"दसऱ्याला तूच म्हणला व्हता, गाडीची सगळी ताकद हितून निघती. तवापासून दर अवसेला तेल-शेंदूर करतो मी."

धम्मपालला अचानक पान्हा शोधायचं आठवलं.

मागच्या सीटवरून आप्पासाहेबांच्या पत्नी, कस्तुराबाई, म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला चोळायला घरात तेल नाय. हा बाबा मात्र न्हाऊन बसलाय."

धम्मपालनं पुली पेट्रोलनं पुसली, नवा पट्टा चढवला. मीटर चौदाच्या वर गेलं. "आता ह्याला हात लावू नका," त्यानं बजावलं. आप्पासाहेब "बरं" म्हणाले. कस्तुराबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. त्या 'बरं'शी त्यांचा जुना संसार होता.

मिरवणुकीच्या सकाळी आप्पासाहेबांना तो कोरडा डायनामो बघवेना. एवढ्या मोठ्या कामाला निघायचं आणि देव पारोसा? हात मात्र त्यांनी लावला नाही. वाटी उंच धरून लांबूनच तेलाची धार सोडली. ती आधी कधी पडली नव्हती इतकी, नव्या पट्ट्यासकट, सगळीकडे पडली.

सगळे दिवे लावून, भोंगे वाजवत, साहेबांना शेजारी आणि कस्तुराबाईंना मागं बसवून जीप निघाली. गावोगाव सत्कार घेत, मुंगीच्या पावलानं ती दुपारी हर्सूलला पोचली, तोवर भोंग्यांचा आवाज घोगरा झाला होता. तिथं हार घ्यायला इंजिन बंद केलं. हार गळ्यात पडला. किल्ली फिरवली. जीप एकदा खाकरली आणि गप्प झाली.

साहेबांनी थोडा वेळ हसू टिकवलं. मग उतरले, मागच्या इंद्रजीतच्या गाडीत बसले आणि काच वर केली. ती गाडी बाजूनं पुढं गेली.

कार्यकर्ते जीप ढकलू लागले. आप्पासाहेब एका हातानं स्टिअरिंग धरून दुसरा हात दोन्ही बाजूंच्या लोकांना दाखवत होते. लोकही सवयीनं हात हलवत होते.

"आता तरी ते स्टिकर काढा," कस्तुराबाई म्हणाल्या.

आप्पासाहेबांनी पाहिलं. साहेबांच्या हसऱ्या दातांमागून तांबूस उजेड झिरपत होता. त्यांनी स्टिकरची सुटलेली कड अंगठ्यानं दाबून बसवली.

"राहू दे. साहेब परत ह्याच रस्त्यानं जातेल."