शनिवारचं चामडं

मनकर्णाला लोक आता काहीबाही बोलत्यात. बोलू द्या. बोलायचा हक्क असंल तर तो माझा एकटीचा, आन् मी बोलंन तर पहिल्यापास्नं बोलंन. मी कडूबाई. माझ्याआधीची दोन लेकरं गेली, म्हनून देवाला मी ग्वाड लागू नये असं नाव आईनं ठिवलं. शनिशिंगणापुरात देवाच्या वाटंवर माझा तेला-नारळाचा गाळा, आन् त्याला लागून मनकर्णाचा रुईच्या माळांचा. माझी दिशा आन् तिची पंकजा एका पाळन्यात झोपल्यात, एवढं सांगितलं म्हंजी बास.

मनकर्णाचा थोरला हर्षल मोटारसायकलवरनं पडून गेला, घोडेगावच्या रस्त्याला. शनिवार हुता. पायात चामड्याची कोरी चप्पल, त्याच सकाळी घेतलेली. आमच्याकडं शनिवारी चामडं कुनी इकत घेत न्हाई. उलट लोक आपल्या जुन्या चपला हितं सोडून जात्यात, पीडा जाऊ दे म्हनून. पोराची ती चप्पल रस्त्यात पडलेली बघितली आन् ही बाई जी हबकली ती हबकलीच. माळ ओवता ओवता मधीच म्हनायची, "एक नेलं. दुसरं मी न्हाई देनार." कुनाशी भांडल्यावानी. मग तिला जगात एकच काम उरलं, पंकजाला जपायचं.

आन् पंकजा कशी? नारळाचं पोतं पाठीवर घिऊन वर मलाच इचारायची, "मावशी, चहा पिती का?" माळंचा भाव पाडनाऱ्या गिऱ्हाइकाकडं ती नुसती बघायची, गिऱ्हाईक गप पैसे काढायचं. तोंडानं कमी, हातानं जास्त. भाऊ गेला तवा रडली न्हाई, घरातल्या भिंतीला बुक्क्या मारत बसली. मला तवाच भ्या वाटलं हुतं.

घोडेगावात जनावरांच्या बाजाराजवळ, पत्र्याच्या शेडात, हनुमंत सरांनी बॉक्सिंग चालू केलं. मिलिटरीतनं आलेला मानूस. दोघी जाऊन नाव घालून आल्या. पोलीस भरतीत खेळाडूंना जागा असती म्हने. मी म्हनले, "थोबाड फुटलं तर लगीन कोन करंल गं, भवाने?" दिशा म्हनली, "आई, आमी फोडायला चाललोय, फुटायला न्हाई." लई हसलो आमी. आता ते हसू आठवलं की आंगावर काटा येतो.

सरांनी आधी नुसतं पळवलं, उभं कसं ऱ्हायचं ते शिकवलं, मुठीला पट्टी गुंडाळायला शिकवली. मग म्हनले, आपापले ग्लोव्हज आना. दिशानं घरी येऊन मला ते सगळं म्हनून दाखवलं. रंग बघू नका. लई हलके घिऊ नका. मनगट घट्ट बसलं पाह्यजे. आन् आंगठ्यानं दाबून बघा, दाबलेलं झटक्यात वर आलं पाह्यजे. आतली गादी मेली की ग्लोव्हज मेला. ती गादी तुमच्या मुठीसाठी कमी आन् समोरच्याच्या तोंडासाठी जास्त असती.

कॉलेजामुळं बाकीच्या वारी जमंना, म्हनून शनिवारी, ऐन धंद्याच्या दिवशी, दोघी नगरला पळाल्या. पंकजानं म्हने दुकानातला एकेक जोड दाबून बघितला. दुकानदार वैतागला, "ताई, आंबे न्हाईत ते!" दिशानं निळे रेक्झिनचे घेतले. पंकजानं तांबडे, अस्सल चामड्याचे, सगळ्यात भारी गादीचे. बरोबर निवडले हुते पोरीनं. सरांनी सांगितल्यापरमान एकबी चूक केली न्हाई.

सांजच्याला गाळ्यावर आल्या तर मनकर्णानं आधी वास घेतला. "कशाचं हाय?"

"चामड्याचं."

"आज वार कोनता?"

पंकजाच्या तोंडावरचा रंगच उतरला. ध्यानातच न्हवतं तिच्या. मला वाटलं मनकर्णा आता गाव गोळा करंल, पन न्हाई. खाली बसली आन् पोरीच्या पायांकडं बघत ऱ्हायली. तिच्या आरडाओरड्याचं मला कधी भ्या वाटलं न्हाई. त्या गप बसन्याचं वाटलं.

मग तिनं अट घातली. दर शनिवारी देवाच्या चौथऱ्याकडं तोंड करून त्या हातमोज्यांवर तेल घालायचं, तरच हातात घालायचे. पंकजानं इचार केला, चपलेला न्हाई का आपन तेल देत, बैलाच्या पट्ट्याला न्हाई का देत? चामडं मऊ ऱ्हाईल. व्हय म्हनली. तेल माझ्याच गाळ्यावरचं. मनकर्णा मोजे मांडीवर घ्यायची, शिवनीवरनं धार सोडायची, वरनं फडक्यानं पुसायची आन् पुटपुटायची, "हिच्यावर काय यायचं आसंल ते दुसरीकडं जाऊ दे, बाबा. कुठंबी जाऊ दे." मी शेजारी बसून ऐकायचे. मला त्यात वावगं वाटलं न्हाई. कुठली आई येगळं मागती?

वरनं पुसलेलं चामडं चकाकायचं. आत काय मुरत हुतं ते कुनाला दिसलं न्हाई. वास म्हनाल, तर आमच्या गावात तेलाचा वास कुनाला येतो हो? आमच्या कपड्यांना, केसांना, नोटांना तोच वास.

पावसाळा सरला आन् पंकजाच्या ठोशाचा आवाज बदलला. मी एकदा डबा द्यायला शेडात गेल्ते. बाकीच्या पोरींचे धप्प वाजायचे. हिचा टक् करून वाजायचा, मुसळ उखळाच्या काठाला लागल्यागत. सर खुशीत म्हनले, "मावशी, हिचा हात तयार झाला." दिशाच्या दंडावर काळेनिळे डाग पडायला लागले. मी हळद लावताना शिव्या घातल्या तर हीच मला म्हनती, "अगं, पंक्याचा ठोसा लई जड झालाय आता. बघच तू, नक्की भरती हुतीय ती." मैत्रिनीचं कौतुक! आमाला सगळ्यांना वाटलं, पोरगी तगडी झाली. मला मात्र रात्री ते डाग डोळ्यांपुढं यायचे. का, ते कळायचं न्हाई.

मग एका गुरवारी दोघींची सरावाची लढत लागली. डोक्याला टोप हुता, पन टोप डोळा झाकत न्हाई. पंकजाचा उजवा हात बसला आन् दिशा खाली बसली. उठली न्हाई. नगरच्या डाक्टरनं सांगितलं, डोळ्याचा पडदा फाटलाय, डाव्या डोळ्याची नजर परत यायची आशा धरू नका.

सरांना पटंना. शिकाऊ पोरीच्या ठोशानं एवढं व्हतंच कसं? त्यांनी दवाखान्याच्या आवारात ब्लेडनं तो तांबडा मोजा फाडला. आतनं गादी न्हाई, चिकट काला निघाला, तेलात भिजून विरघळलेला. मुठीपुढं नुसतं चामडं उरलेलं. पंकजा तो काला बोटांनी चिवडत ऱ्हायली. मी फडक्यात गुंडाळून तो मोजा वर नेला, दिशाच्या खोलीबाहेर बसलेल्या मनकर्णापुढं टाकला आन् वरडले, "बघ! बघ तुझ्या तेलानं काय केलं! माझ्या पोरीचा डोळा खाल्ला त्यानं!"

मनकर्णानं मोज्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग हळूच, लहान पोरावानी तिनं इचारलं, "म्हंजी... माझ्या पंकजावरचं टळलं का गं, कडू?"

आन् तिचा चेहरा सैल पडला. हर्षल गेल्यापास्नं तिला मी असं निवांत बघितलं न्हवतं. माझा हात उठलेला तसाच ऱ्हायला. पंकजा माझ्यामागनं जिना चढून आल्ती, दारात उभी हुती. तिनं सगळं ऐकलं.

त्या दिवसापास्नं पंकजा माझ्या घरी ऱ्हाती. दिशाला धरून नेती, तिच्या डोळ्यात औषध घालती, माझी नारळाची पोती उचलती. आईच्या गाळ्यापुढनं जाताना मान वर करत न्हाई. मनकर्णाबी तिला हाक मारत न्हाई. सकाळी माळा लावून झाल्या की मधल्या पडद्याआडनं ती मला रोज इचारती, "जेवली का गं ती?"

मी म्हनते, "जेवली."