सांडूचा आवाज

सांडूच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हा झाला तेव्हा घटकाभर याला उकिरड्यावर ठेवला आणि नावही सांडू ठेवलं. सांडलेल्याकडं मरण बघत नाय म्हणे. मरणानं खरंच बघितलं नाही. वाळूजच्या एका फौंड्रीत वितळलेलं लोखंड तोंडावर उडालं, डावा डोळा गेला, ओठ गालाला चिकटला, गडी मात्र जगला.

आता तो बजाजनगरात एका अर्धवट बिल्डिंगवर वॉचमन होता. त्याच्या हातचा चहा कुणी घेत नसे, पण पोरांच्या जेवणाच्या वेळी त्याच्यावाचून गल्लीचं पान हलत नसे. समोरच्या लीलाबाई नातीला मांडीवर घेऊन गॅलरीतून हाळी द्यायच्या, "सांडूभाऊऽ, जरा वर बघा वं, ही घास गिळंना." पोराला भरवत बसलेल्या शेजारच्या लुबनाभाभींचा सूर मऊ, "भाईजान, बस एक बार. खातो मग ह्यो." सांडू मान वर करून घशातून घर्र करायचा. वर घास गिळला जायचा. मग लीलाबाई नातीला सांगायच्या, राक्षस हाय तो. आणि लुबनाभाभींना सांगायच्या, देवमाणूस हाय बिचारा. एकाच दमात. खाली दोन्ही ऐकू यायचं. सांडूला त्यातलं कुठलंही चाललं असतं. कुणीतरी आपल्याला हाक मारतं, एवढ्यावर त्याचा दिवस गोड व्हायचा.

एका दुपारी लीलाबाईंची ती नात, संस्कृती, फुग्यामागं एकटीच फाटकातून आत आली. भिंतींवर पाणी मारायला सांडूनं जमिनीतल्या टाकीचा पत्रा नुकताच सरकवला होता. फुगा निघाला टाकीकडं.

"बाळा, थांब," तो हळूच म्हणाला.

पोरीनं त्याला बघितलं आणि ती मागं सरकली, टाकीच्याच दिशेनं. त्यानं उपरण्यानं तोंड झाकलं, तरी ती मागंच. जवळ जावं तर पोरगी पाण्यात, न जावं तरी पाण्यात. गॅलरीत कुणी नव्हतं. मग तो भिंतीआड झाला. ती त्याला शोधत जागीच थांबली, तेवढ्यात तो वळसा घालून टाकी आणि तिच्या मधे आला, उपरणं काढलं आणि ओरडला. जेवणाच्या वेळचा घर्र नव्हे. हा आवाज पोटातून आला, इतक्या वर्षांचं सगळं घेऊन आला, आणि क्षणभर सांडूला बरंही वाटलं. पोरगी किंचाळत पळाली, फाटकात आपटली, ओठ फुटला.

गल्ली गोळा झाली. तिचा बाप विश्वजीत नुकताच शिफ्टवरून आलेला. त्यानं सांडूची गचांडी धरून त्याला टाकीपासून फाटकाजवळच्या भिंतीशी ओढलं. सांडू सांगायला लागला, पण त्या ओठांतून घाईत टाकीचं 'हाही' व्हायचं. मागून कुणीतरी हुबेहूब 'हाही, हाही' केलं, दोघंतिघं फिसकन हसले.

"आम्ही सांगू तवाच करायचं ना, भाऊ," लीलाबाई म्हणाल्या. बोलताबोलता त्यांना सरकवलेला पत्रा दिसला, सगळं उमगलं. पण नातीला सांभाळताना आपला डोळा लागला, हे लेकाच्या तोंडावर कसं सांगणार? त्या खाली बसून नातीचं रक्त पुसू लागल्या.

विश्वजीतनं लेकीला विचारलं, काय केलं गं यानं?

"मला हाकललं."

पोरगी खोटं बोलत नव्हती. सांडूनं मान डोलावली, आणि तीच कबुली ठरली. विश्वजीत त्याला सोडून ठेकेदाराला फोन लावायला फाटकाबाहेर गेला. मोठी माणसंही त्याच्यामागं गेली, हा नको इथं, म्हणत.

तमाशा बघायला आलेली पोरं मात्र आतच होती. सांडूला दिसलं, त्याचं तोंड बघून ती मागं मागं सरकत टाकीच्या काठाशी गेली आहेत. त्यानं बोट दाखवलं, तर आणखी एक पाऊल मागं. ओरडला असता, तर संपलंच होतं.

सांडूनं पोरांकडं पाठ केली आणि तोंड भिंतीला लावलं. मागं कुजबुज झाली. एकाला धीर आला, त्यानं पुढं येऊन मूठभर वाळू फेकली. दुसऱ्याचा खडा पाठीत बसला. मग सगळीच पुढं येऊ लागली.

सांडू हलला नाही. या रं, तो भिंतीशी पुटपुटला, अजून जवळ या.