पाणी देणारी

शिवगंगाबाईंच्या नावात गंगा, पण राहायला लातूर. म्हणजे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी! तरी बसस्टँडसमोरची बाईंची पाणपोई अकरा उन्हाळ्यांत एकदाही कोरडी पडली नाही. तिथलं पहिलं गिऱ्हाईक पिराजी. मूळचा मुरुडचा, मागंपुढं कुणी नाही, झोपायला स्टँडची भिंत. रोज सकाळी ओंजळ धरायचा, पोटभर प्यायचा आणि म्हणायचा, "अक्का, आज जरा खारं हाय."

"फुकटचं पिऊन वर नखरे! मुडद्या!" बाई खेकसायच्या. पण दुसऱ्या दिवशी तो जरा उशिरा आला तर याच मान उंचावून वाट बघायच्या.

यंदा पिराजीच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आता इलाज उरला नाही, घरी न्या. घरी! ज्याचं अख्खं घर म्हणजे एक भिंत, त्याला घरी न्या म्हणे. पिराजी बाईंना एवढंच म्हणाला, "अक्का, रस्त्यावर मराण नगं. कुत्री हुंगत्यात." त्या दिवशीपासून बाईंनी त्याला मुडद्या म्हणणं सोडलं.

कुणीतरी सांगितलं, गावाबाहेर एक दवाखाना अशी शेवटाला आलेली माणसं ठेवून घेतो, कळा थांबवायचं औषध देतो. बाईंनी त्याला रिक्षात घातलं. तिथं टेबलाशी दयानंद नावाचा कारकून.

"सोबत नातेवाईक लागतो, मावशी. तुमचं नातं काय?"

"मी त्याला पाणी देते."

"ते नातं नसतंय."

झालं! बाईंचा पारा चढला. "नसतंय कसं? मरताना सख्खी माणसं काय देतात रे, जिलबी? तोंडात पाणीच घालतात ना? मी अकरा वर्षं पाजत आले!"

दयानंदानं डोकं खाजवलं आणि फॉर्मवर लिहिलं, 'पाणी देणारी'. पिराजीला खाट मिळाली.

औषधानं कळा थांबल्या. पिराजी कित्येक महिन्यांनी पाय पसरून झोपला. दहाव्या दिवशी राजकन्या सिस्टरनं वाटी आणि कापसाचा बोळा पुढं केला. "मावशी, ओठ ओले करा त्यांचे."

आणि काय सांगावं, साऱ्या स्टँडला पाणी पाजणारी बाई ती वाटी बघून मागं सरली! तोंडात पाणी घातलं की माणूस निघाला, हे लहानपणापासून मनात बसलेलं. "न्हाई गं बाई, माझ्या हातानं न्हाई," म्हणत त्या भिंतीकडं तोंड करून रडायला लागल्या.

पिराजीनं डोळे उघडले. आवाज कसला, नुसती कुजबुज. "अक्का, अकरा उन्हाळे रोज पाजलंस. मेलो का?"

रडता रडता बाईंना हसू फुटलं. पदरानं नाक पुसून त्यांनी बोळा भिजवला, त्याच्या ओठांना टेकवला. पिराजीनं हळूच जीभ फिरवली.

"आज गोड हाय," तो म्हणाला.

बाईंनी बोळा पुन्हा वाटीत बुडवला.